मागल्या मुंबईत आपण कुठे उभे असू?

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नाही. आयुष्य नोकरीत गेले. निवृत्त झाल्यापासून मंडळाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी दोन तास बसतो, मुलांना पुस्तके काढून देतो, एवढीच आमची पात्रता. तेव्हा हे भाषण विद्वानाचे न समजता घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे समजून ऐकावे, ही विनंती.

भाषणाचा विषयही आम्हांला अभ्यासिकेतच मिळाला. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नववीतली एक मुलगी विज्ञानकथा वाचत होती. तिने पुस्तक मिटले आणि विचारले, "आजोबा, काळात मागे नेणारं यंत्र मिळालं तर तुम्ही जुन्या मुंबईत कुठल्या दिवशी जाल?" आम्ही उत्तर देण्याआधीच मुलांनी आपापली तिकिटे काढली. एकाला ट्राममध्ये बसायचे होते. एकीला ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहायचा होता. एकाने १६ एप्रिल १८५३ ची पहिली आगगाडी मागितली. हसणे-खिदळणे चालू असताना कोपऱ्यातला एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, तो म्हणाला, "पण आपल्याला त्या गाडीत बसू दिलं असतं का?"

सगळी मुले गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. मुलाचा प्रश्न बरोबर होता. काळात मागे जायचे म्हटले की प्रत्येक जण मनातल्या मनात राजवाड्यात जातो, गव्हर्नरच्या बंगल्यात जातो, पहिल्या वर्गाच्या डब्यात बसतो. पण आपले आजोबा-पणजोबा तिथे नव्हते. यंत्राने आपल्याला खरोखर मागे नेलेच, तर ते आपल्याला त्यांच्या जागी नेऊन उभे करील. म्हणून आज आपण या आपल्या शहरात मागे मागे जाऊ, पण प्रत्येक मुक्कामावर एकच प्रश्न विचारू : इथे आपण कुठे उभे असू?

पहिला मुक्काम फार जुना आहे. तेव्हा मुंबई हे नावही नव्हते. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरीची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिली असतील. शंभराहून अधिक लेणी एका डोंगरात आहेत आणि सुमारे हजार वर्षे तिथे वस्ती होती. मुलांनो, पुढच्या वेळी जाल तेव्हा मोठ्या चैत्यगृहाबरोबर पाण्याची टाकी बघा. पावसाचे पाणी डोंगरावरून चर खोदून आणले आहे आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी ते साठवले आहे. त्या टाक्यांना जुन्या लेखांत पोढी म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने अशी एक पोढी खोदवून दिल्याचा लेख तिथे आहे. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, साधे गृहस्थ आहेत, भिक्षुणीही आहेत. अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या सोनाराचे नाव आज वाचता येते, कारण ते दगडावर कोरले गेले. पण छिन्नी-हातोडा घेऊन तो खडक ज्याने फोडला, त्याचे नाव कुठेही नाही. आपण तिथे असतो तर कदाचित त्या छिन्नीवाल्याच्या शेजारी असतो. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

दुसरा मुक्काम मुलांनी मागितलेल्या आगगाडीचा. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनची वेळ, बोरीबंदर. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे निमंत्रित. एकवीस तोफांची सलामी झाली आणि गाडी ठाण्याकडे निघाली. चौतीस किलोमीटरचा हा प्रवास पाहायला रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी झाली होती. आपण त्या चारशेंत नसतो, रुळांच्या बाजूला असतो. किंवा त्याच्याही आधी, भराव घालण्यासाठी मातीच्या पाट्या वाहत असतो. पुढे रेल्वे घाटावर चढली. बोरघाटाचे काम १८५६ ला सुरू होऊन १८६३ ला पुरे झाले. त्या घाटात कॉलऱ्याने, सुरुंगाने आणि कडे कोसळून हजारो मजूर मेले. पहिल्या गाडीच्या तिन्ही इंजिनांची नावे आपल्याला पाठ आहेत : साहिब, सिंध आणि सुलतान. त्या मजुरांतल्या एकाचेही नाव पाठ नाही. इंजिनाला नाव असते आणि माणसाला नसते, हा इतिहास लिहिणाऱ्यांचा दोष आहेच. पण वाचणाऱ्यांनीही कधी विचारले नाही, हा आपला दोष.

आता तिसरा मुक्काम. इथे मात्र आपली माणसे तोंड उघडताना दिसतात. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सगळा भाग धुराड्यांनी भरून गेला. कामाचे तास म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. जोतिराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारकडे निवेदन दिले. मागणी काय होती? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

मित्रहो, आपण सगळे रविवारी उशिरा उठतो, मटण आणतो, लग्नाला जातो. आजचा हा कार्यक्रमसुद्धा आपण रविवार पाहूनच ठरवला. हा रविवार आकाशातून पडलेला नाही. आम्हांला यंत्र मिळाले तर आम्ही त्या दिवशी रेसकोर्सच्या गर्दीत नक्की उभे राहू, आणि त्या दोन बाया काय बोलल्या ते शब्द न् शब्द लिहून घेऊ. हजारो पुरुषांपुढे, लाउडस्पीकर नसताना, १८९० साली उभे राहून बोलणे ही साधी गोष्ट नव्हे.

चौथा मुक्काम भीतीचा आहे. सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत निम्मे शहर रिकामे झाले. ज्याला गाव होते तो गावी पळाला. सरकारी पथके घरांत शिरत, रोग्याला उचलून नेत, बाकीच्यांना छावणीत टाकत. अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावे म्हणून छपरे उघडली जात. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरे रंगवली जात. अर्थ असा की हे घर माणसाच्या वस्तीस अयोग्य. ती अक्षरे वाचता न येणारी बाई आपल्या दारात उभी आहे आणि भिंतीवर काय लिहिले ते शेजाऱ्याला विचारते आहे, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे गेले. १० मार्चला पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. डॉ. हाफकिन यांनी मात्र याच मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाची. कोरोनाच्या साथीत २०२० साली आपल्या वस्तीत बांबू बांधले गेले, तेव्हा आम्हांला ही सगळी माहिती आठवली आणि आपल्या पणजीने काय सोसले असेल याची थोडी कल्पना आली.

पण इतिहासाची गंमत पाहा. प्लेगमुळे सरकारला गरिबांच्या घरांकडे पाहावे लागले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले आणि चाळी बांधल्या, त्याच बी.आय.टी. चाळी. त्यांतल्या परळच्या पोयबावडीच्या एक नंबर चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला बॅरिस्टर गिरणी कामगारांच्या शेजारी चाळीत राहत होता, त्याच सार्वजनिक गॅलरीतून ये-जा करत होता.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की पाचव्या मुक्कामासाठी तुम्ही परळलाच उतरा, पण थोडे आधी, १९०५-०६ च्या सुमारास. डबक चाळीतली एक खोली. त्या एका खोलीत सगळा संसार. चरित्रकारांनी लिहिले आहे की वडील रामजी मुलाला लवकर झोपायला लावत आणि रात्री दोन वाजता उठवत, कारण खोलीत शांतता आणि अभ्यासाला जागा तेव्हाच मिळे. डोक्याशी जाते, पायाशी शेळी आणि समोर चिमणी. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. तुम्ही त्या खोलीत गेलात तर कृपा करून बोलू नका, फोटो काढू नका. दाराशी दोन मिनिटे उभे राहा आणि परत या. घरात जागा नाही म्हणून अभ्यास होत नाही, ही तक्रार मग तुमच्या तोंडून येणार नाही. आणि ज्यांना ती तक्रार खरोखर आहे, त्यांच्यासाठी आपली अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवता येईल का, याचा पदाधिकाऱ्यांनी विचार करावा.

सहावा मुक्काम आमच्या मनाला सर्वांत जास्त लागतो. साल १९२८. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप चालला. कामगारांच्या एकजुटीचा तो इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगावाच. पण त्या एकजुटीत एक चीर होती. गिरणीत विणाई खात्याची मजुरी सर्वांत चांगली. त्या खात्यात मात्र अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. हा नियम मालकाच्या वहीतला नव्हता, बरोबरच्या कामगारांनीच तो पाळला होता. कारण काय, तर धोटा.

आजच्या मुलांनी धोटा पाहिलेला नाही म्हणून सांगतो. मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणारे ते लाकडी, होडीच्या आकाराचे साधन. त्यात सुताची कांडी बसवतात. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचे. तेव्हा ते तोंड लावून, श्वासाने ओढून काढत. त्यामुळे कापसाची धूळ छातीत जाई ते वेगळेच. पण एकाच धोट्याला दुसऱ्याचेही ओठ लागत, आणि अस्पृश्याच्या ओठांनी सूत विटाळते अशी भावना होती. म्हणून आपल्या माणसांनी रिंग खात्यात, कमी मजुरीवर राहायचे. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की अस्पृश्यांना विणाई खाते खुले करण्याची मागणीही तुमच्या मागण्यांत घाला. त्यांनी ती घातली, पण मोठ्या मिनतवारीने.

तेव्हा जुन्या मुंबईचे गोडवे गाणारे कोणी भेटले, की पूर्वी चाळीत कशी माणुसकी होती, सगळे कसे एका ताटात जेवत होते, तर त्यांचे ऐकून घ्यावे. त्यात खरेही पुष्कळ आहे. पण नंतर शांतपणे विचारावे : धोट्याचे काय?

सातव्या मुक्कामाला आम्ही फार थांबणार नाही. १४ एप्रिल म्हटले की आपल्याला जयंती आठवते. १९४४ सालच्या १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. त्यात चौदाशे टन स्फोटके होती, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्यासाठी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. जयंतीच्या सकाळी आपण मिरवणुकीची तयारी करतो, तेव्हा त्या ६६ जणांसाठीही एक फूल ठेवावे, असे आम्हांला वाटते.

आठवा मुक्काम ७ डिसेंबर १९५६. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. रात्रीच्या विमानाने त्यांचे पार्थिव मुंबईला आले आणि दादरच्या राजगृहात ठेवले गेले. अनेक गिरण्यांत कामगार कामावर गेलेच नाहीत. दुपारी निघालेली अंत्ययात्रा लाखोंच्या गर्दीतून वाट काढत संध्याकाळी दादर चौपाटीला पोहोचली. भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच असंख्य लोकांनी धम्मदीक्षा घेतली.

इथे आपण कुठे उभे असू, हे आम्ही नक्की सांगू शकतो, कारण आम्ही तिथे होतो. आमचे वय तेव्हा चार वर्षांचे. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हांला खांद्यावर बसवून नेले होते असे आई सांगत असे. गर्दीत आमची एक चप्पल पडली आणि आबांनी ती उचलायला वाकायचेही नाकारले, वाकलो असतो तर पोरगा चिरडला असता, असे ते म्हणत. पण आम्हांला स्वतःला यातले काहीही आठवत नाही. इतिहासातला एवढा मोठा दिवस आमच्या डोळ्यांसमोरून गेला आणि आमच्याजवळ उरली ती आईने सांगितलेली एक चप्पल. आईने सांगितले नसते तर तीही उरली नसती.

आणि आता शेवटचा मुक्काम. या मुक्कामाची तारीख कुठल्याही पुस्तकात नाही.

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने मुंबईला आले आणि गिरणीत लागले. आबाही त्याच गिरणीत, रिंग खात्यात. आम्ही बी.डी.डी. चाळीत वाढलो. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७. एका इमारतीत ऐंशी खोल्या, एक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. आमच्या खोलीत आठ माणसे होती. माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत, जुन्या कागदांच्या खाली, एक धोटा होता. लाकूड हाताने गुळगुळीत झालेले, टोकाला पितळ. लहानपणी आम्ही तो होडी म्हणून खेळायला घेतला, तेव्हा कधी नव्हे ते आबांनी आमच्या हातावर मारले आणि धोटा पुसून परत ट्रंकेत ठेवला. आम्ही रडलो, विसरलो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. आबाही गेले नाहीत. ते गावी जाऊन राहिले आणि १९८५ साली वारले. पुढे आम्ही खोलीची रंगरंगोटी काढली, तेव्हा ट्रंक भंगारवाल्याला दिली. कागद, जुनी हजेरी कार्डे आणि तो धोटा, सगळे एकत्र. भंगारवाल्याने किती पैसे दिले तेही आठवत नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, कुठल्याशा व्याख्यानाच्या निमित्ताने वाचन करताना, विणाई खात्याची हकीकत आमच्या वाचनात प्रथम आली. आम्ही पुस्तक तसेच उघडे ठेवून बसून राहिलो. आमच्या घरात रिंग खात्याची माणसे. मग त्या ट्रंकेत धोटा कुठून आला? आजोबांना कधी काळी विणाई खात्यात शिरकाव मिळाला होता का? मिळाला असेल तर मग परत रिंग खात्यात का यावे लागले? की कुणा विणकर मित्राने निरोपाच्या दिवशी दिला? की ज्या वस्तूला आपले ओठ लागू दिले नाहीत, ती वस्तू आबांनी मुद्दाम घरात आणून ठेवली होती? याचे उत्तर देणारा एकच माणूस होता. त्या माणसाबरोबर आम्ही एकशेसाठ चौरस फुटांत तीस वर्षे राहिलो आणि आम्ही त्यांना एक प्रश्न विचारला नाही.

म्हणून मित्रहो, त्या मुलीला आम्ही पुढच्या आठवड्यात उत्तर दिले. आम्हांला यंत्र मिळाले तर आम्ही पहिल्या आगगाडीला जाणार नाही. १९७० च्या आसपासच्या कुठल्याही साध्या संध्याकाळी आम्ही आमच्या चाळीत जाऊ. पहिली पाळी सुटलेली असेल, आबा गॅलरीत बसून चहा पीत असतील. त्यांच्या शेजारी बसू आणि विचारू, "आबा, हा धोटा कुणाचा?"

ती मुलगी हुशार. ती म्हणाली, "आजोबा, यंत्र नाहीच आहे. मग आता काय करायचं?"

तेच सांगण्यासाठी आज आम्ही उभे आहोत. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या. बी.डी.डी. चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. आपल्या माणसांना मोठी घरे मिळत आहेत, याचा आम्हांला आनंदच आहे. एकशेसाठ चौरस फुटांत आठ माणसे, हे कुणी जपून ठेवण्यासारखे वैभव नव्हते. पण घर बदलताना माळे रिकामे होतात आणि ट्रंका भंगारात जातात. आमची गेली. तुमची जाऊ नये.

यंत्र नाही हे खरे, पण या सभागृहात पहिल्या दोन रांगांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेली जी माणसे बसली आहेत, ती आपली यंत्रे आहेत. त्यांना तिकीट लागत नाही, एक कप चहा लागतो. विद्यार्थ्यांनी एवढेच करावे. या महिन्यात आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध माणसाजवळ तासभर बसावे. मोबाईल सगळ्यांजवळ आहे, त्यात आवाज साठवावा आणि नंतर वहीत उतरवून काढावा. तुम्ही मोठ्या घटना काय पाहिल्या असे विचारू नये, कारण माणसे म्हणतात, आम्ही काय पाहिलं, काही नाही. साधे विचारावे. मुंबईत पहिली रात्र कुठे झोपलात? पहिला पगार किती आणि त्याचे काय केले? कुठल्या खात्यात होता? कुठल्या खात्यात जाता आले नाही? पाणी कुठून आणत होता? आणि आजोबांना विचारून उठून जाऊ नये, आजीला वेगळे विचारावे. रेसकोर्सवर बोललेल्या त्या दोन बायांना नंतर कुणी विचारले नसावे, तसे आपल्या आजीचे होऊ नये.

दुसरी विनंती पदाधिकाऱ्यांना. अभ्यासिकेतले एक कपाट या कामासाठी द्यावे. जुनी हजेरी कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डे, सभांची पत्रके, लग्नपत्रिका, फोटो, ज्याच्या घरी जे असेल ते भंगारात देण्याआधी इथे आणून दाखवावे. वस्तू द्यायची नसेल तर नुसता फोटो काढून द्यावा. वस्तूबरोबर एका कागदावर ती कुणाची, कुठून आली, कोणत्या सालची, एवढे लिहावे. तो कागद नसेल तर शंभर वर्षांनी वस्तू राहील आणि माणूस जाईल. कान्हेरीच्या सोनाराने आपली ओळ कोरून ठेवली. आपल्याला दगडाची गरज नाही, दोनशे पानी वही पुरे आहे.

आणि ज्येष्ठांना तिसरी विनंती. नातवंडाने विचारले तर "जाऊ दे, त्या जुन्या गोष्टी कशाला" असे म्हणू नका. अपमानाच्या गोष्टी सांगताना जड जाते हे आम्हांला ठाऊक आहे. आबा बोलले नाहीत ते बहुधा त्याचमुळे. आपल्या मुलाने मान ताठ ठेवून शाळेत जावे, त्याला धोट्याची गोष्ट कशाला, असे त्यांना वाटले असेल. पण न सांगितलेली गोष्ट मुलाच्या उपयोगी पडत नाही. आपण कुठे उभे होतो हे ज्याला माहीत असते, त्याला आपण कुठवर आलो हेही कळते, आणि पुढे कोणाला मागे ठेवायचे नाही हेही कळते.

कोपऱ्यातल्या त्या मुलाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. त्या गाडीत आपल्याला बसू दिले असते का? निमंत्रितांच्या गाडीत नसतेच. पण रूळ ज्यांनी टाकले ते आपल्यासारखेच हात होते, आणि आज त्याच मार्गावरून तू रोज कॉलेजला जातोस. मधल्या पावणेदोनशे वर्षांत जे घडले ते लिहून काढायचे काम तुमच्या पिढीचे आहे. उद्यापासून नव्हे, आज घरी गेल्यावर.

 

जय भीम.